अकोला, मे महिना, दुपारी तीन

रागिणी होलेने डॉ. अद्वैत पुराणिकांना माफ केलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. शेवटी तिचं मन द्रवेल, दोघं समोरासमोर बसून डोळे पुसतील, अशी आशा धरून कोणी वाचायला बसलं, तर त्याची फसगत व्हायला नको.

चांदूर बाजारपासून सात-आठ किलोमीटरवर तिचं गाव. वडील केशवराव फुलांची शेती करत. झेंडू, शेवंती आणि बांधाच्या कडेला गुलाबाच्या झाडांच्या चार रांगा. माणूस शांत, भजनी मंडळात खंजिरी वाजवणारा, वर्षातून एकदा मोझरीच्या आश्रमात जाऊन येणारा. त्यांच्या पोटी ही पोरगी आली आणि तिला फुलांपेक्षा तारा आवडायच्या. घरातला रेडिओ तिने नवव्या वर्षी उघडला आणि तो पुन्हा बंद करून चालूही केला. पुढे अमरावतीला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि मोबाइल टॉवरच्या कामाला लागली. कंबरेला पट्टा बांधून चाळीस मीटर वर चढायचं, अँटेनाचं तोंड दोन अंशांनी वळवायचं, खाली उतरून गाडीत लॅपटॉप घेऊन दर्यापूरपासून मूर्तिजापूरपर्यंत कुठे सिग्नल तुटतो ते मोजायचं. बारा वर्षं तिने हे केलं. काळीपिवळी जीपचे ड्रायव्हर तिला ‘टावरवाली ताई’ म्हणून ओळखायचे आणि पुढची सीट तिच्यासाठी राखून ठेवायचे.

मग अमरावतीच्या एका अभियांत्रिकी कॉलेजात तो प्रकल्प आला. पुढच्या पिढीचं मोबाइल नेटवर्क, जे अजून बाजारात आलेलं नाही, ते प्रयोग म्हणून उभं करायचं. एक टोक अमरावतीत, कॉलेजात. दुसरं टोक अकोल्यात, एका नर्सिंग शाळेच्या आवारात. त्यावर चालणार होता एक चष्मा. तो डोळ्यांवर चढवला, की समोरच्या रिकाम्या खाटेवर पेशंट दिसायचा, त्याची शीर दिसायची, आणि शीर चुकली तर अमरावतीत बसलेल्या शिक्षिकेचा हात हवेत येऊन बोट ठेवून दाखवायचा, “इथं टोच.” अकोल्याच्या पोरींना जिवंत माणसाच्या दंडाला सुई लावण्याआधी शंभर वेळा चुकता येणार होतं.

यात मेख एकच होती. चष्म्यातून दिसतं ते सगळं चित्रच, समोरची खोलीसुद्धा, आणि चष्म्याला स्वतःची फारशी अक्कल नसते. डोकं हललं, की ती खबर हवेतून टॉवरजवळच्या यंत्राकडे जाते, यंत्र नवं चित्र तयार करतं आणि चष्म्याकडे परत पाठवतं. एका सेकंदाचे हजार भाग केले, तर त्यातल्या वीस भागांच्या आत ही ये-जा व्हायला हवी. त्याहून उशीर झाला, की डोळे एक सांगतात, पाय दुसरं सांगतात, आणि माणसाचं डोकं गरगरतं.

प्रकल्पाचे प्रमुख होते डॉ. अद्वैत पुराणिक. अमरावतीच्या नावाजलेल्या वकिलाचे, मोरोपंतांचे, चिरंजीव. परदेशात शिकलेले, बोलणं गुळगुळीत, राग आला तरी आवाज न चढवणारे. त्यांनी रागिणीला साइट इंजिनिअर म्हणून घेतलं, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांदेखत म्हणाले, “हिला जे माहीत आहे ते आपल्यापैकी कोणालाच माहीत नाही. हिचं ऐकायचं.” ते वाक्य रागिणीने किती दिवस जपून ठेवलं होतं! पुढे तिला त्याचीच जास्त चीड आली.

अकोल्याचा मास्ट, म्हणजे अँटेनाचा उंच खांब, तिने स्वतः उभा केला. त्याच्या पायाशी पत्र्याची खोली बांधली होती, तिच्यात यंत्र. हिवाळ्यात सगळं झक्क चाललं. एप्रिल लागला, आणि दुपारी दोननंतर उशीर वाढू लागला. वीसचे पस्तीस, पस्तीसचे साठ. अमरावतीतले सगळे प्रोग्राममध्ये चूक शोधत बसले. रागिणीने खोलीत थर्मामीटर टांगला. अकोल्याचा उन्हाळा पत्र्यावर बसला होता. भर दुपारी व्होल्टेज पडायचं, एसी बंद पडायचा, बॅटरीवर यंत्र तेवढं चालू राहायचं. आणि तापलेलं यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी दम खात खात काम करायचं.

पंचवीस दिवस तिने दर तासाला मोजमाप घेतलं. शेजारी लाकडी बल्ल्या रोवून, पत्र्यावर हातभर अंतर सोडून दुसरा पत्रा टाकला, त्याला चुना फासला, तीन बाजूंनी वाळ्याच्या ओल्या ताट्या लावल्या आणि त्या तात्पुरत्या मांडवात दुसरं यंत्र ठेवून पाहिलं. उशीर अठराच्या वर गेला नाही. वहीभर आकडे घेऊन ती अमरावतीला गेली.

पुराणिकांनी वही चाळली. “उत्तम काम,” म्हणाले. “ही माझ्याकडे राहू दे.”

“सर, मंग खोलीचं काम कवा सुरू करू? मे लागून राहिला.”

“खोलीचं उद्घाटन झालंय, रागिणी. तिला लगेच हात लावला तर आपणच चूक कबूल केल्यासारखं होईल. पुढच्या टप्प्यात बघू.”

ती वही आणि तो पुढचा टप्पा, दोन्ही त्यांच्याकडेच राहिले.

मे महिन्यात मुंबईहून पाहुणे यायचे होते. त्या दिवशी सकाळीच पुराणिकांचा फोन आला. चित्र जरा धूसर दिसतंय, पाहुण्यांसाठी ते सगळ्यात वरच्या दर्जाचं कर.

“सर, दुपारी यंत्र दम सोडते. वरचा दर्जा केला तर झेपाचं नाही.”

“दहा मिनिटांचा प्रश्न आहे. कर.”

तिने केलं. नियमाप्रमाणे रजिस्टरमध्ये बदल लिहिला आणि खाली सही केली. कोणाच्या सांगण्यावरून, असा रकाना त्या रजिस्टरला नव्हता.

चष्मा घालून दाखवणार होत्या दुर्गाबाई. चौतीस वर्षं नोकरी करून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, आता हौसेने पोरींना शिकवणाऱ्या. धिप्पाड बाई, आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला बोलल्या तर त्या टोकाचा पेशंट उठून बसायचा. रागिणीवर त्यांचा जीव. “सुई दिसते तवा हातात नाही अन् हातात असते तवा दिसत नाही, असा तुहा चष्मा,” म्हणून चिडवायच्या, आणि रोज सगळ्यात आधी तोच घालायच्या.

त्या दुपारी पाहुण्यांसमोर व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरताना चित्र मागे राहिलं. दुर्गाबाईंना पायरी दिसली तिथे ती नव्हती. त्या पडल्या तो आवाज रागिणीने मास्टपाशी ऐकला. खुब्याचं हाड मोडलं.

चौकशी कॉलेजातच झाली. पुराणिकांनी रजिस्टर पुढे केलं आणि हळू आवाजात सांगितलं, “मला वाईट वाटतं, पण हा बदल मिस होले यांनी लेखी परवानगीशिवाय केला. अनुभव आहे त्यांना, शिस्त थोडी कमी पडते.”

रागिणी उभी राहिली. “सर, सकाळी तुमीच फोन केला होता मले.”

“फोन रोजच होतात,” ते म्हणाले. “त्यात असं काही ठरल्याचं मला आठवत नाही.”

एवढंच. ना आवाज चढला, ना नजर हलली. तिला त्याच दिवशी काढलं. नागपूरपासून अकोल्यापर्यंत टॉवरचं काम करणारे कंत्राटदार मोजके, सगळे एकमेकांना ओळखणारे. ‘तिच्या हलगर्जीपणानं एक म्हातारी बाई पडली’ हे वाक्य तिच्याआधी सगळीकडे पोचायचं. तीन महिन्यांनी ती गावी परतली आणि झेंडू तोडू लागली.

केशवराव म्हणाले, “सोडून दे, माय. देव पाहून राहिला ना.”

“पाहू द्या,” ती म्हणाली. “त्याले वेळ हाये. मले नाही.”

खरं तर तिलाही वेळच वेळ होता. झेंडू तोडताना हात आपोआप चालतात, डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्यात ती पुराणिकांना रोज नव्या तऱ्हेने पाडायची. कधी त्यांच्या कॉलेजात भर सभेत ओरडायची, कधी अकोल्याचा मास्ट रात्रीतून कापून टाकायची. मास्टचा प्रत्येक बोल्ट तिने आवळलेला होता, कुठला सैल केला की काय कोसळेल हे तिला पाठ होतं. एकदा तर ती बोल्ट खोलायचे पाने पिशवीत घालून अकोल्याला जाऊनही आली. मास्टखाली उभी राहिली. नर्सिंगच्या दोन पोरी तिथेच सावलीला डबा खात बसल्या होत्या. त्या तिला ओळखून हसल्या. ती आल्या बसने परत गेली.

डिसेंबरात तिला पुराणिकांचा लेख सापडला. परदेशी नियतकालिकात छापलेला, त्याच महिन्यात त्यावर त्यांना पुरस्कारही मिळालेला. उष्ण प्रदेशात नव्या नेटवर्कची यंत्रं थंड कशी ठेवावी, हा विषय. तक्ते सगळे तिचे. दर तासाचा आकडा तिचा. एका दिवशी तिने चुकून बेचाळीसच्या जागी चोवीस लिहिलं होतं, ते चोवीसही तसंच उतरलं होतं. तिचं नाव कुठेही नव्हतं, आभारातसुद्धा नव्हतं.

आणि एक वाक्य तिने चार वेळा वाचलं. ‘अकोला येथील केंद्रात ही दुहेरी छपराची रचना कायमस्वरूपी बांधण्यात आली असून सर्व ऋतूंत, सलग नव्वद मिनिटांच्या वर्गासाठी, ती पूर्णतः सुरक्षित ठरली आहे.’

ती तशीच उठून दर्यापूरच्या जीपमध्ये बसली, तिथून अकोला. खोलीवर एकच पत्रा होता. तोच जुना, उद्घाटनाचा, कोपऱ्यात हळदीकुंकवाचा डाग असलेला.

त्या संध्याकाळी ती दुर्गाबाईंकडे गेली. बाई काठी घेऊन दारापर्यंत आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मंग तू काय करून राहिली? फुलं तोडून राहिली?”

“काय करू, बाई?”

“मले काय विचारतं! मले टावर समजत नाही. पण वॉर्डात खोटं बोलणारा डॉक्टर म्या पाहिला हाये. त्याच्याशी भांडाचं नाही. त्याले त्याच्याच चार्टवर उभा कराचं, सगळ्याईच्या समोर.”

रागिणीच्या डोक्यातली मास्ट कापायची सगळी स्वप्नं त्या दिवशी बंद झाली. त्यांच्या जागी एकच गोष्ट आली. तिला पुराणिकांचं काहीही मोडायचं नव्हतं. तिला त्यांना फक्त मे महिन्यात, दुपारी तीन वाजता, अकोल्यात उभं करायचं होतं.

तिने माहितीच्या अधिकारात दिल्लीच्या कार्यालयाला अर्ज केला. प्रकल्पाला निधी देणारं ते कार्यालय. मागितलं एवढंच, की अकोला केंद्राच्या आजवरच्या सगळ्या चाचण्यांच्या तारखा आणि वेळा द्या. पहिलं उत्तर आलं, देता येत नाही. तिने अपील केलं. दुसरं उत्तर आलं, अर्ज चुकीच्या विभागाकडे आला. तिने योग्य विभागाकडे केला. पावसाळा गेला, शेवंतीचा हंगाम गेला, आणि फेब्रुवारीत एकेचाळीस पानं घरी आली. केशवरावांनी पोस्टमनला पाणी दिलं. ती ओट्यावर बसून लाल पेनने खुणा करत गेली. एकूण एक चाचणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली, आणि एकही सकाळी दहानंतरची नव्हती.

मग तिने प्रकल्पाची तपासणी करणाऱ्या समितीला पत्र लिहिलं. तीन पानी मजकूर लिहून फाडला. त्यात खूप काही होतं, राग होता, दुर्गाबाई होत्या. शेवटी एका पानावर आणला. सोबत तारखांची पानं, लेखाची प्रत आणि पत्र्याचा फोटो. खाली विनंती, की अंतिम चाचणी अकोल्यात मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात दुपारी तीन वाजता, नव्वद मिनिटं घ्यावी आणि अर्जदाराला हजर राहू द्यावं.

समितीच्या प्रमुख होत्या अनुपमा गोखले, दूरसंचार खात्यातून निवृत्त झालेल्या इंजिनिअर. त्यांचं उत्तर दोन ओळींचं होतं. विनंती मान्य आहे. टोपी आणि पाण्याची बाटली आपापली आणावी.

चाचणीच्या दिवशी रागिणी सव्वादोनलाच पोचली. अकोल्यात रस्ते ओस पडले होते, डांबर बुटाला चिकटत होतं. यंत्राच्या खोलीपाशी आली आणि थबकली. दाराखालून पाण्याची बारीक धार वाहत होती. जमिनीवर लाकडाचा ओला भुसा सांडला होता. आवाराच्या फाटकातून बर्फाच्या कारखान्याची रिकामी गाडी बाहेर पडत होती.

तिला सगळं समजलं. खोलीत बर्फाच्या लाद्या रचल्या होत्या. तासभर तरी यंत्र गार राहणार.

त्या वेळी समितीची गाडी आत येत होती. एक शब्द बोलली असती, अनुपमाबाईंना ती धार दाखवली असती, तर खेळ तिथेच संपला असता. पण पुराणिक म्हणाले असते, उन्हाळ्यात तात्पुरती व्यवस्था केली, गैर काय? आणि सुटलेही असते. रागिणीने बुटाने भुसा बाजूला सारला आणि गप्प राहिली. बर्फाला वितळायला वेळ लागतो, आणि वेळ तिने आधीच मागून घेतलेला होता.

पुराणिकांनी तिला पाहिलं. हसून म्हणाले, “कशी आहेस, रागिणी? बाबा बरे आहेत?”

“बरे हायेत, सर.”

तीनला वर्ग सुरू झाला. रूपाली नावाची दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी खुर्चीवर बसून चष्मा घालून शीर शोधू लागली. भिंतीवरच्या पडद्यावर उशिराचा आकडा दिसत होता. चौदा. तेरा. चौदा. वीस मिनिटं झाली, समितीतल्या एकाने घड्याळ पाहिलं. पुराणिक म्हणाले, “मॅडम, सगळं स्पष्टच आहे. उन्हात तुम्हाला उगीच त्रास. चहा घेऊन आवरायचं का?”

अनुपमाबाईंनी रागिणीकडे पाहिलं.

“सरांच्या लेखात नव्वद मिनिटं लिहिली हायेत,” रागिणी म्हणाली. “मी थांबतो. ज्याले जायचं त्यानं जावं.”

“थांबू,” अनुपमाबाई म्हणाल्या.

रागिणीला नंतर त्या पुढच्या वीस मिनिटांचा एकेक क्षण आठवायचा. ती आकड्याकडे बघतच नव्हती. ती पुराणिकांकडे बघत होती. त्यांच्या कपाळावर घाम आला, त्यांनी तो रुमालाने टिपला. परत आला. त्यांनी दोनदा खिडकीतून यंत्राच्या खोलीकडे पाहिलं. दाराखालची धार आता पाटासारखी वाहत होती. तिला बरं वाटत होतं. इतकं बरं तिला दोन वर्षांत वाटलं नव्हतं, आणि त्याची तिला लाजही वाटली नाही.

तीन वाजून बेचाळीस मिनिटांनी आकडा एकोणीस झाला. मग सव्वीस. मग चव्वेचाळीस.

“डोकं दुखून राहिलं, ताई,” रूपाली म्हणाली.

“काढ तो चष्मा,” रागिणी ताडकन उठली. तिने तो स्वतः उतरवला, रूपालीला पाणी दिलं. मग चष्मा पुराणिकांपुढे धरला.

“आता सर घालतीन.”

“याची गरज नाही. नेटवर्कमध्ये थोडी तात्पुरती…”

“आपल्या लेखात ‘पूर्णतः सुरक्षित’ असे शब्द आहेत, डॉक्टर,” अनुपमाबाई म्हणाल्या. “सुरक्षित असेल तर प्रमुखांनी घालायला हरकत काय?”

सगळे त्यांच्याकडे पाहू लागले. पुराणिकांनी चष्मा घेतला. नाही म्हणायची त्यांना सोय नव्हती, ती त्यांनीच छापून घालवली होती.

“बसून नाही, सर,” रागिणी म्हणाली. “वर्गात पोट्ट्या चालतात. तुमी व्हरांड्यात चला. पायऱ्या उतरून दाखवा. तीनच हायेत.”

ते व्हरांड्यात आले. पडद्यावरचा आकडा नव्वदच्या पुढे गेला होता. रागिणी पायऱ्यांच्या खाली जाऊन उभी राहिली. तिला त्यांचा चेहरा समोरून पाहायचा होता, आणि ते पडले तर ते पडणंही पाहायचं होतं. पहिली पायरी त्यांनी कशीबशी घेतली. दुसरीवर मान वळवली, चित्र मागे राहिलं, शरीर पुढे गेलं. हात हवेत काहीतरी धरायला धावले. ते कलले.

आणि रागिणीचे हात वर गेले. उंचावर काम करणाऱ्याचे हात, समोरचा माणूस डळमळला की डोक्याला न विचारता धावणारे. तिने त्यांचा दंड पकडला, त्यांना पायरीवर बसवलं. बसल्या बसल्या त्यांना उलटी झाली. शर्टावर, बुटांवर, सगळ्यांसमोर. चष्मा उतरवून ते मान खाली घालून राहिले, आणि थोड्या वेळाने, पहिल्यांदाच आवाज चढवून ओरडले, “पाणी द्या कोणीतरी!”

अनुपमाबाईंनी खोलीचं दार उघडायला लावलं. आत ओल्या पोत्यांचा ढीग, टबांमध्ये तरंगणारे बर्फाचे तुकडे, आणि वर एकच पत्रा. त्या आत शिरल्या, हात वर करून पत्र्याला लावला, चटका बसून मागे घेतला. मग वहीत बराच वेळ लिहीत राहिल्या.

संध्याकाळी रागिणी दुर्गाबाईंकडे पोचली. बाईंनी तिच्याकडून सगळं तीनदा सांगून घेतलं.

“किती उलटी झाली?”

“झाली ना, बाई.”

“सांग बराबर. बुटावर की शर्टावर?”

“दोन्हीवर.”

बाई काठी आपटून हसल्या. मग एकदम थांबल्या. “पन पडला काहून नाही?”

“मी पकडला त्याले.”

“पकडला?” दुर्गाबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं चुकीचं इंजेक्शन भरणाऱ्या पोरीकडे पाहत. “काहून पकडला?”

पुढे कितीतरी दिवस रागिणी आपल्याच हातांवर चिडलेली होती.

समितीचा अहवाल आला. पुराणिकांना प्रमुखपदावरून काढलं, पुरस्कार देणाऱ्यांनी खुलासा मागितला, आणि दुर्गाबाईंच्या अपघाताची चौकशी नव्याने करून रागिणीवरचा ठपका पुसून टाकला. गावात केशवरावांना लोक बातमी सांगायला येत. ते म्हणत, “झालं ना आता, सोडून द्यावं तिनं.” ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

पण त्याच अहवालात अकोला केंद्र पुढील आदेशापर्यंत बंद, असंही होतं. कागदपत्रं द्यायला ती शाळेत गेली, तेव्हा रूपाली भेटली.

“ताई, तुमचं झालं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. “आमाले आता पहिली सुई माणसालेच टोचा लागते. काल एका बुढीले चार वेळा टोचली म्या. ते रडत होती.”

रागिणी म्हणाली, “मी पाहतो काय होते ते.” बसमध्ये तिने स्वतःला विचारलं, केंद्र बंद पडेल हे आधी माहीत असतं, तर थांबली असतीस का? उत्तर प्रामाणिकपणे आलं, नाही. त्यानंतर मूर्तिजापूर येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली.

तिने अनुपमाबाईंना पुन्हा पत्र लिहिलं, या वेळी केंद्र सुरू करा म्हणून. मग दुसरं, मग तिसरं. आठ महिन्यांनी केंद्र नर्सिंग शाळेच्याच ताब्यात दिलं गेलं आणि दुरुस्तीचं काम रागिणीकडे आलं. आधी जुना पत्रा उतरवला. मग दुहेरी छप्पर, हातभर पोकळी, उत्तरेला खिडकी, ताट्यांना पाणी सोडणारी नळी. पत्रे चढवायला दोन माणसं होती, तरी बोल्ट तीच आवळत होती.

छपरावर असतानाच पुराणिकांचा फोन आला. ते पुण्यात होते, नव्या नोकरीत.

“रागिणी, त्या नियतकालिकाकडून मला पुन्हा विचारणा आली आहे. तू अजून त्यांना लिहिते आहेस?”

“हो.”

“माझं पद गेलं, नाव गेलं. वडील घराबाहेर पडत नाहीत. आता तुला आणखी काय पाहिजे?”

तिने पाना बाजूला ठेवला.

“दोन गोष्टी, सर. त्या तक्त्यांवर माहं नाव. अन् त्या सकाळी मले फोनवर काय सांगितलं होतं, ते एका कागदावर लिहून, खाली सही करून, दुर्गाबाईच्या पत्त्यावर.”

मग ते म्हणाले, “तू इतकी कडवट असशील असं वाटलं नव्हतं.”

“मलेही नव्हतं वाटलं,” ती म्हणाली.

त्यांनी फोन ठेवला. तिने उरलेले अकरा बोल्ट आवळले, शिडीवरून उतरली, हातपाय धुतले. मग शाळेच्या ऑफिसात जाऊन कॉम्प्युटर मागून घेतला आणि नियतकालिकाला पाचवं पत्र लिहायला बसली. सुरुवात तिने त्या चोवीसपासून केली, जे खरं तर बेचाळीस होतं.